अक्षरांची किल्ली कोणाकडे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

२००४ सालची गोष्ट. माझ्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. लोह्यात तेव्हा लग्नपत्रिका, हँडबिलं छापून मिळत. पुस्तकाचं काम मात्र नांदेडलाच. दर शनिवारी शेवटचं काम आटोपून मी बस धरायचो आणि एका डीटीपीवाल्याच्या दुकानात जाऊन ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसायचो. मध्येच वीज जायची, यूपीएस ओरडायला लागायचा आणि आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "सेव्ह!"

छप्पन्न कविता टाइप झाल्या. पुस्तक पाच फर्म्यांत बसवायचं होतं, म्हणून बेचाळीसच छापल्या. उरलेल्या चौदा पुढच्या संग्रहासाठी ठेवल्या. त्यांत एक अम्मीवरची होती. वहीत ती सोळा ओळींची होती. दुकानात बसल्या बसल्या, पडद्याकडे बघत, मी ती अकरा ओळींवर आणली. ती अकरा ओळींची कविता कागदावर मी कधी उतरवली नाही. ऑपरेटर म्हणाला, "सर, काळजी करू नका, सीडीत सगळं हाय." सीडी मी कपाटात ठेवली. पुढे एका पावसाळ्यात माळवद गळलं आणि वह्यांचा लगदा झाला, तेव्हाही मी निर्धास्त होतो. सीडी कोरडी होती.

२०१७ साली दुसऱ्या संग्रहाची जुळवाजुळव सुरू केली आणि सीडी पुतण्याच्या हाती दिली. सीडी चालली. फाइल उघडली. पण पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, पौंडाचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह आणि मधूनमधून रिकाम्या चौकटी. पुतण्या म्हणाला, "चाचा, फाइल है, पर इसका फॉन्ट नै है." दुकान केव्हाच बंद झालं होतं. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, त्याला एक 'लॉक' असे. ते संगणकाच्या मागच्या बाजूला, प्रिंटरच्या पोर्टात लावावं लागे. नव्या संगणकांना ते पोर्टच नव्हतं. कविता माझ्या, सीडी माझी, वाचायची सोय मात्र दुसऱ्याच्या हाती.

त्या दिवसापासून मला एका प्रश्नाने धरलं. विकतचं सॉफ्टवेअर बरं की ज्याला 'मुक्त' म्हणतात ते बरं? मी बी.ए. झालेला माणूस, संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण रोज वापरणाऱ्यालाही काही बोलायचा हक्क असतोच.

आधी माझ्या कवितांचं काय झालं ते समजून घेऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६. फॉन्टचं काम एवढंच, की ६५ आकडा आला की 'ए'चं चित्र दाखवायचं. सुरुवातीच्या काळात आपल्या अक्षरांना जगभर मान्य असे आकडेच नव्हते. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. आत ६५ आकडा, वर दिसतं मराठी चिन्ह. शिवाय कोणत्या आकड्यावर कोणतं चिन्ह, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की भलतंच काही दिसायचं, आणि फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी कडबोळं उघडं पडायचं.

ही टिंगल नव्हे. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम ही नावं मराठी छपाईच्या इतिहासात मानाने घ्यावी लागतील. ज्या काळात परदेशी कंपन्यांना मराठी बाजारपेठ आहे याचाही पत्ता नव्हता, त्या काळात इथल्या लोकांनी डोकं लढवून वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, सात-बारा संगणकावर आणले. विकतच्या सॉफ्टवेअरची ही बाजू कबूल केलीच पाहिजे. गरज दिसली, पैसे मिळण्याची शक्यता दिसली, तिथं ते आधी पोचलं.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या मानकावरून घेतलेली होती. आता 'क' म्हणजे २३२५, 'म' म्हणजे २३५०. लोह्यात, लंडनमध्ये, विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर, सगळीकडे तोच आकडा. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. एक लक्षात घ्या. युनिकोड हे सॉफ्टवेअर नाही, तो सगळ्यांनी मिळून पाळायचा नियम आहे. विकतचं आणि मुक्त, दोघांनीही तो पाळला, म्हणून आज व्हॉट्सअॅपवर मराठी लिहिताना कोणी कोणाला फॉन्ट विचारत नाही.

आता 'मुक्त' म्हणजे काय? इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने मोठा घोळ घातला आहे. आपलं नशीब, की आपल्याकडे दोन शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे तो प्रोग्राम कसा लिहिला आहे ते उघडून पाहायची, बदलायची, बदललेलं दुसऱ्याला द्यायची मोकळीक. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली ही चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. १९९८ साली 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झालं. मुक्त म्हणजे बेबंद नव्हे. मुक्तछंद लिहिणाऱ्यालाही लय सांभाळावी लागते. इथेही परवान्याचे नियम असतात. आणि मोफत असलेलं सगळं मुक्त नसतं. गूगलचं विंडोजवर मराठी टाइप करायचं साधन मोफत होतं, हजारो लोक ते वापरत. पुढे कंपनीने ते उतरवून घ्यायची सोयच काढून टाकली. ते मुक्त असतं, तर दुसऱ्या कोणी पुढे चालवलं असतं.

असं पुढे चालवल्याचं उदाहरण म्हणजे आज मी वापरतो ते लिबरऑफिस. एका जर्मन कंपनीचं स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० साली त्याचा मूळ मजकूर खुला केला. त्यातून ओपनऑफिस झालं. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नवा मालक काय करील याची काळजी वाटली, तेव्हा प्रोग्रामर मंडळींनी तोच मजकूर घेऊन वेगळी चूल मांडली, ती लिबरऑफिस. दुकान बदललं, मालक बदलला, तरी वापरणाऱ्याच्या फाइली उघडत राहिल्या. माझ्या सीडीच्या नशिबी हे नव्हतं.

हे झालं तत्त्वाचं. रोजच्या वापरात काय अनुभव येतो? गेली काही वर्षं माझ्या घरी एका संगणकावर विंडोज आहे आणि एका जुन्या संगणकावर पुतण्याने टाकलेलं उबुंटू लिनक्स आहे. दोन्हींवर लिहितो. एकेक काम घेऊन सांगतो.

पहिलं काम मराठी टाइप करणं. यात आज दोघे बरोबरीला आहेत. इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक सरकारने १९८६ सालीच ठरवून दिला. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. तो विंडोजमध्ये आहे आणि लिनक्समध्येही आहे. मला तो शिकायला पंधरा दिवस लागले. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी सुरू करायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून बरीच यातायात करावी लागे. आता दोन्हीकडे चार टिचक्यांचं काम आहे. पण अक्षराच्या वळणात एक फरक जाणवतो. विंडोजबरोबर येणाऱ्या 'मंगल' फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठी अक्षरं कशी लिहावीत याचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ला निघाला होता. पण संगणकावरचा फॉन्ट शासन निर्णय वाचत नाही. मुक्त फॉन्टमध्ये ज्याला येतं तो अक्षर दुरुस्त करू शकतो आणि दुरुस्त केलेलं वाटूही शकतो. रेड हॅट कंपनीने खुले केलेले 'लोहित' फॉन्ट असोत (आमच्या लोह्याशी त्यांचा काही संबंध नाही, लोहित म्हणजे लाल), की मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा सुरेख फॉन्ट असो, ते दोन्ही संगणकांवर बिनपैशाने चालतात. मुक्त वस्तू वापरायला सगळा संसार बदलावा लागत नाही, हे मला यातून कळलं.

दुसरं काम दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडणं. इथं मुक्त बाजू थोडी लंगडी पडते. संपादक, संयोजक, प्रकाशक, सगळे वर्डची फाइल पाठवतात. ती लिबरऑफिसमध्ये उघडते, वाचता येते. पण पान हलतं. लेखाला त्याचं काही वाटत नाही. कवितेचा मात्र जीव जातो. मी सोडलेली मोकळी जागा सरकते, एक ओळ तुटून दोन होतात. दोष कोणाचा? दस्तऐवजाचा एक खुला नमुना, ओडीएफ, २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टने आपला वेगळा नमुना पुढे आणला, तो २००८ साली मानक झाला; भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. गावात दोन मापं चालू असली की व्यवहारात बहुतेकांच्या हाती असलेलं मापच चालतं. मी आता कविता पाठवताना सोबत पीडीएफ जोडतो. भांडण मिटत नाही, पण ओळी शाबूत राहतात.

तिसरं काम धंद्याचं. आमच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानात जाऊन मी कितीही मुक्ततेची महती सांगितली, तरी आडत्या विचारणार, "टॅली चालतं का?" टॅली विंडोजसाठी केलेलं आहे. लिनक्सवर ते चालवायचं तर आडवाटेने जावं लागतं आणि मार्चअखेरीला आडवाट कोणाला परवडत नाही. फोटो स्टुडिओवाल्याचंही तेच. गिम्प नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चांगलं काम करतं, पण लग्नाच्या अल्बमचे तयार साचे सगळे फोटोशॉपचे. पुस्तकाची पानं लावायचं स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर बरीच वर्षं मराठी जोडाक्षरंच नीट दाखवत नव्हतं. २०१७च्या सुमारास ते सुधारलं, तोवर डीटीपीवाले थांबणार होते थोडेच? मात्र त्यांच्या लाडक्या पेजमेकरलाही युनिकोड मराठी कधी आलं नाही, हेही नोंदवायला हवं. विकत घेतलं म्हणजे सगळं मिळतं असं नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अडलं तर विचारायचं कोणाला? वापरायला सोपं काय, हे आपण सॉफ्टवेअर पाहून ठरवत नाही, शेजारी पाहून ठरवतो. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोचला. आमच्या भागातल्या किती मुलामुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो त्याच वर्गांत. तिथं शिकवलं गेलं ते मुख्यतः विंडोज आणि एमएस ऑफिस. त्यामुळे वर्डमध्ये काही अडलं तर गल्लीत दहा जण सांगणारे. लिबरऑफिसमध्ये अडलं तर माझा पुतण्या. तो पुण्याला असला की कोणी नाही. इंटरनेटवर जगभरची माणसं उत्तर देतात, तीही फुकट, पण इंग्रजीत. उलट केरळने काय केलं पाहा. तिथं आयटी अॅट स्कूल या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणलं, शिक्षकांना शिकवलं. त्या शाळांत वाढलेल्या मुलांना लिनक्स अवघड वाटत नाही, कारण त्यांनी पहिलं तेच पाहिलं. अवघड-सोपं हे पुष्कळदा सवयीचं नाव असतं.

पाचवी गोष्ट पैशाची. आणि इथं जरा खरं बोलायला हवं. आमच्या गावात मुक्त सॉफ्टवेअरची स्पर्धा विकतच्याशी कधी झालीच नाही. ती झाली चोरीच्या विकतच्याशी. संगणक जोडून देणारा पोरगा विंडोज आणि ऑफिस 'टाकून' द्यायचा, जसा किराणेवाला मूठभर कोथिंबीर वर टाकतो तसं. पावती नाही, परवाना नाही. माझ्याही पहिल्या संगणकावर तसंच होतं. मी कवी म्हणून कोणी वेगळा नव्हतो. कविता कोणी न विचारता छापली की आम्ही चिडतो, आणि दुसऱ्याचा प्रोग्राम मात्र बिनदिक्कत वापरतो. जे तसंही फुकट मिळतंय, त्याच्यासाठी लिनक्स शिकायचा त्रास कोण घेणार? आता तो काळ सरत आला. पुष्कळ सॉफ्टवेअर वर्गणीवर गेलं, दर वर्षी पैसे भरा. ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीचा आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सर्वसाधारण आधार कंपनीने थांबवला. विंडोज ११ जुन्या संगणकांवर नियमाने बसत नाही. माझा जुना संगणक धडधाकट आहे; मोडीत काढावा असं त्याला काही झालेलं नाही. उबुंटूवर तो निमूट चालतो. ज्याच्या घरी असा संगणक आहे आणि ज्याचं काम लिहिणं, वाचणं, मेल करणं, सिनेमा पाहणं एवढंच आहे, त्याने लिनक्स एकदा करून पाहावं असं मी म्हणेन. टॅलीवाल्याला मी तसं सांगणार नाही.

अक्षरांचा हा प्रश्न मराठीपुरताच नाही. आमच्या घरात उर्दूही आहे. नस्तालिक ही उर्दूची तिरकी उतरती लिपी संगणकावर बसवणं देवनागरीहून कठीण. १९९४ साली आलेल्या इनपेज या भारतात तयार झालेल्या विकतच्या सॉफ्टवेअरने ते करून दाखवलं आणि उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब हळूहळू घरी बसले. पण तिथंही तीच कहाणी: वर्षानुवर्षांचा मजकूर त्या एका सॉफ्टवेअरच्या नमुन्यात. आता नस्तालिकचे मुक्त युनिकोड फॉन्ट आले आहेत आणि मी एकाच पानावर मराठी कविता आणि खाली उर्दू शेर लिहू शकतो. देवनागरीत 'ग़ज़ल' लिहिताना नुक्ता जागेवर राहतो. पूर्वी तो छापखान्यात पेनाने द्यावा लागे.

मग माझ्या सीडीचं काय झालं? पुतण्याने जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा एक प्रोग्राम शोधला. कोणा हौशी माणसांनी लिहिलेला, मुक्त परवान्याचा. त्यात माझ्या डीटीपीवाल्याचा फॉन्ट नव्हता. विकतचा प्रोग्राम असता तर गोष्ट तिथंच संपली असती. हा उघडता येत होता. त्याने छापलेलं पुस्तक एका बाजूला आणि ते इंग्रजी कडबोळं दुसऱ्या बाजूला ठेवलं. बेचाळीस कविता दोन्हीकडे होत्या. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता आम्ही दोघांनी मिळून केला. तीन रात्री लागल्या. ऱ्हस्व वेलांटीने फार छळलं. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफार उलटा: 'धर्म' शब्दात तो दिसतो 'म'वर, शेवटी, पण उच्चारात आणि युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. प्रत्येक वेलांटी उचलून मागे न्यायची, प्रत्येक रफार पुढे आणायचा. माझ्या कविता मी इतक्या बारकाईने लिहितानाही वाचल्या नव्हत्या.

चौदाही कविता निघाल्या. अम्मीची अकरा ओळींची कविता निघाली. तिच्या नवव्या ओळीत एका शब्दाच्या जागी नुसती चौकट राहिली. ते चिन्ह बेचाळीस कवितांत कुठंच आलं नव्हतं, म्हणून तक्त्यात बसेना. मी खूप आठवून पाहिलं. तो शब्द काही आठवला नाही. शेवटी तिथं दुसरा शब्द लिहिला आणि कविता संग्रहात घेतली. वाचणाऱ्याला ते कळत नाही. मला दर वेळी कळतं.

म्हणून जाता जाता तीन गोष्टी सांगतो. सॉफ्टवेअर विकतचं वापरा की मुक्त, ते तुमचं काम, तुमचा खिसा आणि तुमचा शेजार पाहून ठरवा. पण जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. डीटीपीवाल्याकडून पुस्तकाच्या छपाईच्या फाइलबरोबर युनिकोड मजकुराची साधी फाइलही मागून घ्या, ती कोणताही संगणक उघडू शकतो. आणि ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अशा सीडी पडून आहेत, वडिलांच्या आठवणी असतील, गावाचा इतिहास असेल, संस्थेची स्मरणिका असेल, त्यांनी त्या आजच काढून पाहाव्यात. छापील प्रत हाताशी आहे आणि ती वाचून सांगणारं माणूस घरात आहे, तोवर तक्ता करता येतो. नंतर चौकटी वाढत जातात.